मंगलचं साल, माझं साल

भादव्याचं ऊन पाठीला चटकायला लागलं की माझ्या पोटात जळजळ सुरू होते. पित्ताची नव्हे, पित्तावर गोळी मिळते. ही जळजळ माझ्या धाकट्या जावेची आहे. मंगल तिचं नाव. भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे तिच्या घरात कुणी वाहवा केली की ती मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते.

यंदाही तेच दिवस आले. पोळा होऊन गेला होता, बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून ताजा होता. बाजरी निसवून कणसं बाहेर आली होती. अंगणात मुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, त्या दुपारभर तडकत राहायच्या. बांधाबांधावर तरवड फुलून पिवळाधमक झाला होता. महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या की आष्टीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. घरोघरी पेट्या उघडतात, मुखवटे बाहेर निघतात, आणि सगळ्या घराला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. बाकीच्या बायांना त्या वासानं सण आठवतो. मला मंगल आठवते.

आमच्याकडं महालक्ष्म्या वाटून घेतलेल्या आहेत. म्हणजे झालं असं, की दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या, रान वाटलं, गोठ्यात मधी भिंत घातली. पण ज्येष्ठा एकाकडं आणि कनिष्ठा दुसऱ्याकडं असं काही करता येईना. तेव्हा आमच्या सासूबाईंनी, आम्ही दोघी त्यांना आत्याबाई म्हणतो, निकाल दिला. एक साल थोरल्याकडं, एक साल धाकट्याकडं. दोघी बहिणी यायच्या त्या एकत्रच, फक्त उंबरा बदलायचा. न्याय चोख होता. त्या न्यायानं माझं वाटोळं केलं.

कारण एक साल माझं, एक साल मंगलचं असं झालं की लोक तोलायला लागतात. लोकांना दुसरा धंदा काय?

पहिलं साल आमचं होतं. करंज्या लाटायला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. त्या काळात सगळीकडं थर्माकोलची देवळं. पांढरंफेक देऊळ, त्यात दोन लुकलुकत्या माळा, झाली आरास. मी लाटता लाटता म्हटलं, "हे बाजारातलं देऊळ काय मांडायचं? आपलंच शिवार उभं करावं महालक्ष्म्यांच्या म्होरं. पेरणी चाललीय, बैल फिरतेत, विहिरीतून पाणी येतंय. सगळं हलतं-चालतं."

बायांचे हात थांबले. "आगं बया, लई भारी!" एकजण म्हणाली. दुसरी म्हणाली, "सुमन, तुला सुचतं तरी कसं गं हे?" मी मान जरा खाली घातली, पण किती खाली घालायची ते मला बरोबर माहीत होतं.

मंगल तेव्हा नवी होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ती सारण भरत बसली होती. सगळ्यांची वाहवा ओसरल्यावर तिनं विचारलं, "पन आक्का, ते हालंल कशानं?"

मला असा राग आला म्हणता! कशानं म्हणजे काय? हालेल कशानंतरी. कल्पना सांगितली की असले प्रश्न विचारायचे नसतात, ही साधी रीत तिला ठाऊक नव्हती. मी म्हटलं, "बघू की, त्यात काय एवढं," आणि करंजीची कड जरा जास्तच जोरात दाबली. त्या साली आमच्याकडं थर्माकोलचंच देऊळ बसलं. आमचे हे आष्टीहून घेऊन आले. वेळच मिळाला नाही. आणि खरं म्हणाल तर त्या दुपारी बाया जे काही बोलल्या, त्यातच माझं पोट भरलं होतं. शिवार मी सांगून टाकलं होतं. सांगून टाकलेल्या गोष्टीला परत हात लावावासा वाटत नाही, उष्टं खाल्ल्यासारखं होतं.

पुढचं साल मंगलचं. त्या सालाबद्दल मी कितीही वेळा विचार केला तरी ते शिळं होत नाही.

श्रावणातच ती काहीतरी करते आहे याचा मला वास लागला होता. भावजी कड्याच्या बाजाराला खत आणायला निघाले की ही मोटारसायकलवर मागं. कड्याच्या एका गॅरेजात जाऊन बसायची म्हणे. तिथल्या मिस्त्रीला विचारायची, गाडीच्या काचेवरचं पाणी पुसायचा दांडा कसा हालतो? त्याच्यामागं काय असतं? ते बाहेर काढलं तर चालतं का? मिस्त्री आधी हसला, मग वैतागला, आणि शेवटी एका भंगार जीपची मोटार तिच्या हातावर ठेवून म्हणाला, "ताई, घ्या, पन उद्या येऊ नका." हे भावजींनीच मला हसून सांगितलं. मी हसले नाही. माझ्या शिवारासाठी ती गॅरेजात बसली होती. माझ्या!

जुन्या सायकलचं चाक आडवं टाकून तिनं त्यावर फळी बसवली, खाली मोटार. फळीवर माती, मातीत गहू टाकून उगवून आणलेले, कोवळे हिरवेगार. मधी मातीची बैलजोडी, मागं तिफण, तिफणीमागं लुगड्याचा काष्टा घातलेली बाई. बाईच्या डोक्यावरचा पदर इतका नीट होता की मला बघवेना. आवाहनाच्या संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या, हळदीकुंकवाची पावलं उमटली, मुखवटे घरभर फिरवून उभे केले. गल्ली लोटली होती. मंगलनं बटण दाबलं.

फळी फिरली. बैल चालायला लागले. मागं मागं.

 बैल शेपटीच्या बाजूनं चाललेत, तिफण उलटी, बाई पाठमोरी सरकतेय. आत्याबाई पुढं झाल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आगं मंगल, बैल मागं कावून चालतेत? लक्षुमी यायला लागली का जायला लागली?"

देवाशपथ सांगते, मला इतका आनंद माझ्या हळदीलासुद्धा झाला नव्हता. मी तोंडावर पदर धरला. बाया खुसखुसायला लागल्या. भावजींचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता ही रडणार, आत जाणार, आणि मी जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवणार. पाठीवरून हात फिरवायची मी सगळी तयारी केली होती.

आणि ही बया काय करावी? फतकल मारून खाली बसली, गाल जमिनीला टेकवला, आणि फिरणाऱ्या चाकाखाली बघत म्हणाली, "आसं का झालं आसंल बरं?"

तिच्या आवाजात लाज नव्हती. रडू तर नव्हतंच. मजा होती. खाऊ दिसल्यावर पोरांचा होतो तसा आवाज. तिनं बटण बंद केलं, मोटारीच्या दोन वायरी सोडल्या, उलट्यासुलट्या जोडल्या आणि परत बटण दाबलं. बैल पुढं चालायला लागले. टाळ्या पडल्या. आत्याबाईंनी बोटं मोडून तिची दृष्ट काढली. आणि तिनं काय करावं? परत वायरी बदलून बैल एकदा मागं चालवून बघितले. खात्री करायला! लोक ओरडायला लागले तेव्हा सरळ केले.

त्या सालापासून गावाला सवय लागली. मंगलच्या सालाला कड्याची, आष्टीची माणसं येतात, मोबाईल वर धरून उभी राहतात. पुढच्या खेपेला तिच्या विहिरीवर मोट आली. मोटेतून खरं पाणी सांडायचं आणि पाटानं गव्हात जायचं. पहिल्या दिवशी त्या पाण्यानं अख्खी फळी भिजून मोटारीनं धूर काढला. मंगल म्हणाली, "आगं, पाणी खालीबी जातंय की!" जणू पाणी खाली जातं हे तिला आजच कळलं. मग तिनं मेणकापड घातलं. त्याच्या पुढच्या खेपेला बैलांच्या माना हालायला लागल्या. दरवेळी तीच मोटार, तेच चाक, तेच बैल. दरवेळी एक गोष्ट नवी, आणि दरवेळी काहीतरी बिघडायचं, आणि दरवेळी ती खाली गाल टेकवून बघत बसायची.

आणि माझ्या सालाला? माझ्या सालाला मला दरवेळी वेगळं सुचायचं. बाजरीच्या कणसांचं छत करू. गाडग्यांचा डोंगर रचू. महालक्ष्म्यांच्या बाळांना झोके बांधू, झाडं करू. एकाहून एक. करंज्यांच्या घोळक्यात मी ते सांगायची, बाया "वा वा" करायच्या, आणि मग आमचे हे आष्टीहून पडदे आणि माळा आणायचे. लोक यायचे, हळदीकुंकू घ्यायचे, इकडंतिकडं बघायचे आणि विचारायचे, "यंदा हालतं काई न्हाई का?"

यंदा हालतं काई न्हाई का! हे वाक्य कानात गेलं की वाटायचं, विचारणाऱ्याच्या हातातला प्रसाद काढून घ्यावा.

मी माझ्या मनाची पुष्कळ समजूत घालून बघितली. म्हटलं, तिला काय, तिला एकच येतं. म्हटलं, एकाच गोष्टीला चिकटून बसायला अक्कल लागत नाही. म्हटलं, माझ्या डोक्यात मळा आहे आणि तिच्याकडं एक कुंडी. असं म्हटलं की दुपारपर्यंत बरं वाटायचं. दुपारनंतर भिंतीपलीकडून पटाशीची ठकठक ऐकू यायची.

एकदा न राहवून मी तिला टोचलंच. माझ्या अंगणात आम्ही दोघी मूग झोडत होतो. मी म्हटलं, "मंगल, तुला कटाळा येत न्हाई का गं? त्येच बैल, त्येच चाक."

"येतो की," ती म्हणाली. "लई येतो."

"मंग?"

"मंग काय? मला दुसरं सुचतच न्हाई, आक्का." तिनं काठी खाली ठेवली. "तुमचं बरं हाय. दूध तापस्तवर तुमाला चार गोष्टी सुचतेत. मला येक सुचायला वरीस जातं. माझ्याकडं येकच व्हतं, तेबी तुमचंच. ते हातातनं सुटलं तर माझ्याकडं काय ऱ्हातं?" आणि मग मूग पाखडल्यासारखं सहज म्हणाली, "खरं सांगू का? मला तुमचा लई राग येतो. तुमी येवढं चांगलं सुचलेलं टाकून देता, तवा तर तुमचं तोंड बघू वाटत न्हाई."

मी सूप घेतलं आणि पाखडायला लागले.  इतकी वर्षं मी भिंतीच्या या बाजूला जळत होते आणि ती त्या बाजूला. पण फरक बघा. तिला माझा हेवा वाटला की ती उठून कड्याला जायची, मिस्त्रीचं डोकं खायची, चाक फिरवायची. मला तिचा हेवा वाटला की मी पडून राहायची, डोक्याला बाम लावून. हेव्याला तिनं कामाला जुंपलं होतं. माझा हेवा दावणीला बांधलेला नुसता खात होता.

त्या दिवशी मला तिचं कौतुक वाटलं असेल असं कुणाला वाटेल. नाही वाटलं. उलट आणखी एका गोष्टीत ती माझ्या पुढं गेली, याचा राग आला.

यंदाचं साल माझं. पोळ्याच्या दिवशी बैल मारुतीच्या देवळाला फिरवून आणत होते. आम्ही बाया औक्षणाची ताटं घेऊन पारावर उभ्या होतो. सरपंचाच्या घरची सून मंगलला म्हणाली, "काय गं, यंदा काय करणारेस?" मी शेजारी उभी आहे, यंदाचं साल माझं आहे हे उभ्या गावाला माहीत आहे, आणि विचारणं मंगलला.

मंगल म्हणाली, "यंदा माझ्याकडं न्हाईत, यंदा आक्काकडं हायेत. यंदा साधंच हाय."

साधंच. वाईट हेतूनं म्हणाली नाही, ते मला कळतं. माझी बाजू सावरायला म्हणाली असेल. तेच तर झोंबलं.  सवयीनं तोंडावर आलं होतं, "साधं कशाला, यंदा बघाच काय करते," आणि मग तिथंच उभ्या उभ्या काहीतरी रचून सांगितलंही असतं. बाया "वा" म्हणाल्या असत्या आणि मी घरी येऊन झोपले असते. पण त्या 'साधंच'नं माझी वाचाच बसली. 

पोटात राग घेऊन घरी आले. रागात मी कांदे चिरते, गरज असो नसो. गॅसवर तवा तापत होता. कांद्याची एक वाळकी साल उडाली, तव्यावर गेली आणि जळून खाली पडायच्या ऐवजी वर उठली. गरगरत वर. मी दुसरी साल सोडली. तीही गरगरत वर. मग मी कांदे चिरायचे सोडून साली सोडत बसले. आमचे हे जेवायला आले. "आगं, भाकरी हाय का? का नुसत्या साली उडवायल्यात?" मी म्हटलं, "बसा गप. ही वर कावून जाते ते सांगा." त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तव्याकडं बघितलं, आणि स्वतःच्या हातानं वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी धान्याच्या खोलीचं दार लावून बसले. तिथं अंधार असतो आणि कुणी येत नाही. मिठाईच्या खोक्यातला चांदीसारखा कागद घेतला, ताटाएवढा गोल कापला, त्याला भिरभिऱ्यासारख्या पाकळ्या पाडल्या. खाली समई. वर तारेच्या टोकाला सुई बांधून तिच्या अणीवर ते चाक ठेवलं. विचार होता की समईची गरम हवा वर जाईल आणि चाक फिरेल. चाकाला खाली बैलगाडी, माणसं अशी कागदाची चित्रं लटकवायची. भोवती पतंगाच्या कागदाचा कंदील. सावल्या कंदिलावर चालतील.  उठून बाहेर जावं आणि दिसेल त्या बाईला सांगावं असं वाटलं. दाराच्या कडीपर्यंत हात गेला होता. मग पलीकडून मंगलचा आवाज आला, कोंबड्यांना हाकलत होती. हात मागं घेतला.

आणि मग सुरू झाली माझी परवड. चाक फिरेना. सुईची अणी कागदातून आरपार जायची. झंपरचं टिचबटण काढून मधोमध चिकटवलं, त्याच्या खळग्यात सुई बसली. फिरेना. एका वातीची ऊबच पुरेना. सगळ्या वाती पेटवल्या, तर गाडीचा बैल पेटला. फुंकर मारून विझवेपर्यंत खोलीभर धूर. लगेच दारावर थाप.

"आक्का, विरजण हाय का? आन् काय जळतंय?"

मनात म्हटलं, मीच. तोंडानं म्हटलं, "दूध उतू गेलं."

"धान्याच्या खोलीत?"

असली ही बाई. दार ओढून घेत बाहेर आले, विरजण दिलं आणि परत आत जाऊन कडी लावली. जाताना तिनं दोनदा वळून बघितलं, ते मी फटीतून बघितलं.

मधल्या दिवसांत मला कंटाळा आला. नुसता कंटाळा असता तर बरं, पण त्याच वेळी एक नवी कल्पना आली. नारळाच्या करवंट्यांची उतरंड, त्यातून दिवे. काय सुरेख होती! नवी कल्पना माहेरच्या माणसासारखी असते, दारात दिसली की हातातलं काम टाकून पळावंसं वाटतं. आणि हे समोर काय, तर एका बाजूला कललेलं चांदीच्या कागदाचं चाक आणि अर्धा जळालेला बैल. मी उठलेही. मग डोळ्यांसमोर मंगलचं तोंड आलं, माझ्या करवंट्या ती कशी मोटारीवर फिरवेल ते आलं. परत बसले. लोकांना देव आठवून बळ येत असेल. मला जाऊ आठवून आलं.

चाक कलत होतं कारण गाडीच्या बाजूला वजन जास्त. समोरच्या बाजूला कणकेचा गोळा लावला, थोडी कणीक काढली, थोडी लावली. चाक सरळ झालं. समईच्या वाती बारीक केल्या, चाक वर घेतलं. त्या दुपारी ते हललं. आधी थरथरलं, मग थांबलं, मग एका बाजूला सरकायला लागलं, आणि सरकतच राहिलं. कंदिलावर सावली आली. बैल, गाडी, गाडीवर डोक्याला फडकं बांधलेली बाई, गाडीखालून चालणारं कुत्रं. सगळे मागं मागं चाललेले.

मी मोठ्यानं हसले. एकटीच. पाकळ्या उलट्या बाजूनं वाकवल्या होत्या, एवढंच. लगेच सुलट करता आल्या असत्या. पण मी केल्या नाहीत. हनुवटी जमिनीला टेकवून बघत बसले. आधी गाडी, तिच्याखाली कुत्रं, मग बैल. उलट फिरतंय म्हणजे ऊब कुठून कुठं ढकलते? पाकळी जास्त वाकवली तर जोरात फिरेल का? तेल बदललं तर? बाहेर संध्याकाळ झाली होती, म्हैस ओरडत होती, आणि मला कुठंच जायचं नव्हतं. तेव्हा मला कळलं, त्या दिवशी मंगल रडली का नव्हती. इतकी वर्षं ती हे असं एकटीच खात होती, आणि मी नुसती टाळ्या मोजत होते. असा संताप आला माझा मला. आणि तिचा तर आलाच.

महालक्ष्म्या आल्या. पहिल्या दिवशी पाकळ्या सुलट करून कंदील झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवण. पुरण, आंबील, भाज्या, वर फुलोरा टांगलेला. दिवेलागणीला आरती झाली, पानं वाढली, खोलीत मुंगीला जागा नाही. मी दोघी महालक्ष्म्यांच्या मधोमध टेबलावर कंदील ठेवला, आतली समई पेटवली, आणि आमच्या ह्यांना म्हटलं, "लाईट बंद करा."

काळोख झाला. कंदील उजळला. सगळे त्याच्याकडं बघायला लागले. कंदिलावर गाडी होती, बैल होते, कुत्रं होतं, आणि काहीच हालत नव्हतं.

"छान काढलीय गं गाडी," कुणीतरी म्हणालं. त्या 'छान'नं माझे कान तापले. मंगल माझ्या समोरच्या पानावर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि गोड हसली. पाठीवरून हात फिरवायच्या तयारीचं हसू ते. मला ओळखू येतं, मीच एकदा तयार ठेवलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "सुमन, लाव आता लाईट. पानावर आंधारात बसू न्हाई."

पळून जावंसं वाटलं. खरंच सांगते, मागच्या दारानं. आणि मग तोंडातून निघून गेलं, "आसं का झालं आसंल?"

समईच्या ज्योती आडव्या झाल्या होत्या. सरळ वर जात नव्हत्या. आडव्या. मी वर बघितलं. डोक्यावर पंखा घरघरत होता. धान्याच्या खोलीत पंखा नाही.

"पंखा बंद करा!" मी ओरडले.

"भादव्यात?" भावजी म्हणाले.

"बंद करा म्हणते ना!"

पंखा थांबायला लागला. लोक घामानं निथळायला लागले, पदरांनी वारा घ्यायला लागले. "पदर हालवू नका!" असं मी महालक्ष्म्यांच्या जेवणाला बसलेल्या सवाष्णींना दरडावलं. एवढं वाईट कुणी आपल्या पाहुण्यांशी वागलं नसेल. पण पदर थांबले. ज्योती हळूहळू उभ्या राहिल्या. कुत्रं थरथरलं. मग गाडी निघाली.

आत्याबाई पुढं वाकल्या. "म्होरंच चाललेत न्हवं?" त्यांनी खात्री करून घेतली. म्होरंच चालले होते. गाडी एका बाजूनं जायची, वळसा घालून परत यायची, आणि महालक्ष्म्यांच्या साड्यांवरही तिची पुसटशी सावली सरकायची. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मी वारा होऊ देत नव्हते. सगळे नुसते बघत होते. मी हातातलं पुरणाचं पातेलं खाली ठेवलं.

आणि मग मी मंगलकडं बघितलं.

ती जेवत नव्हती. घास हातात तसाच. मग घास पानात ठेवून, भरल्या हातानं ती उठली. पानावरून उठू नये हे ती विसरली होती. कंदिलाजवळ येऊन खाली वाकली, टेबलावरचं कापड उचललं, खाली बघितलं. मागं जाऊन भिंतीशी बघितलं. वायर शोधत होती.

"मोटार कुठाय?" तिनं विचारलं.

"मोटार न्हाई," मी म्हटलं.

"मंग फिरतंय कशानं?"

 चेहरा पार उतरला होता, डोळे कंदिलावरून हालत नव्हते, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ते मी इतकी वर्षं माझ्या आरशात बघत आलेय. माझंच शिवार, माझेच बैल फिरवून मला तिनं जाळलं होतं, आणि आता ती माझ्या घरात, माझ्या कंदिलापुढं उभी राहून जळत होती.

"सांगा की आक्का," ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. "कशानं फिरतंय?"

सगळी खोली माझ्या तोंडाकडं बघत होती. बोलायला सुरुवात केली असती तर रात्र पुरली नसती. मी पळी उचलली.

"बस पानावर," मी म्हटलं. "आंबील गार होते."

तिनं त्या दिवशी पानात सगळं टाकलं. मी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.